थंडीतल्या तीनशे माश्या

पोरीने आल्या आल्या प्लास्टिकचा सापळा टेबलावर ठेवला. "मी खोटारडी नाही," म्हणाली.

बाई खासगी तपासाची कामं घ्यायच्या. त्यांच्या ड्रायव्हरने डोकावून नाक मुरडलं. आत मेलेल्या फळमाश्यांचा खच.

पोरीची पेरूची बाग. उन्हाळ्यात सापळ्यात माश्या शेकड्यांनी सापडायच्या, थंडीत आठवड्याला दोन-चार. वडील गेल्यापासून तीन वर्षं हे आकडे ती लिहीत होती. या थंडीत एकदम तीनशे निघाल्या. तिने माशी लपवून पसरू दिली, असा ठपका ठेवून शेतीखात्याच्या निरीक्षकाने सगळी झाडं तोडायचा हुकूम काढला. उद्या सकाळी.

बाईंनी भिंग धरलं. निम्म्या माश्यांचं पोट मागे बोथट, निम्म्यांचं सुईसारखं टोकदार.

"माशी ती माशी," ड्रायव्हर पुटपुटला.

निरीक्षक ठाम होता. सापळ्यातल्या औषधाचा वास फक्त नरांना खेचतो, त्यात चूक होत नाही म्हणे. बागेतल्या माळ्याने सांगितलं, कुंपण कुणीही ओलांडतं. महिन्यापूर्वी पोरीच्या काकांनी किडके पेरू पोतंभर नेले, कोंबड्यांना.

काकांची पिल्लं उबवायची खोली शेजारीच. आत शिरताच ड्रायव्हरने स्वेटर काढला. कोपऱ्यात ओल्या वाळूची परात, वर तपकिरी टरफलं. पिल्लांचं खाणं, काका म्हणाले. बाग गेली की तिथे कोंबड्यांची शेड घालणार, पोरीलाही कामाला ठेवणार. बाईंनी टरफलं चिमूटभर उचलली.

सकाळी करवतवाले आले, काकाही आले. बाईंनी सापळा पुढे करून निरीक्षकाच्या हातात भिंग दिलं.

"टोक कुणाला असतं?"

"मादीला. अंडी घालायला." तो थबकला.

"मग नरांच्या सापळ्यात दीडशे माद्या कशा? कुणीतरी माश्या वाढवून, मारून आत ओतल्या. थंडीत वाढवायच्या तर ऊब लागते."

"ऊब माझ्या एकट्याकडेच आहे का?" काका फणकारले.

बाईंनी टरफलं पुढे केली. "अळी वाळूत शिरून कोष करते. हे रिकामे कोष तुमच्या परातीतले. परात अजून तिथेच आहे."

ड्रायव्हरच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला.

काका पोरीकडे वळले. "मी तुझ्या बापाच्या जागी. घरातलं घरात राहू दे."

निरीक्षकाने हुकूम रद्द केला. सापळा बिघडला असं लिहितो म्हणाला.

"बिघडला नव्हता," पोर म्हणाली. "झालं ते लिहा. माझे तीन वर्षांचे आकडे खरे होते, तेही लिहा."

त्याने काकांकडे पाहिलं. ती मधे येऊन उभी राहिली.

"तिकडे नाही. माझ्याकडे बघून लिहा."