एक मिनिट हं, दादा

गाडी वर्धा स्टेशनात शिरली तेव्हा भादव्यातल्या पावसाची झड लागलेली होती, आणि हातातली सूतमाळ मी ओढणीखाली झाकून धरली होती. आमच्याकडे मोठा पाहुणा आला की चरख्यावर कातलेल्या सुताची माळ घालायची रीत आहे. आणि आजची पाहुणी म्हणजे मंजुषा मॅडम! मोठमोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना बोलायचं कसं, माल विकायचा कसा हे शिकवणाऱ्या. त्यांची भाषणं मी रोज बसमध्ये कानात घालून ऐकायची, आणि त्या नादात एकदा माझं उतरायचं गावही मागे गेलं होतं.

मी जागृती. राहते बोरगाव मेघेला, नोकरी वडनेरच्या शेतकरी कंपनीत. काम तूरडाळ विकायचं. विकायचं म्हणजे… बोलायचं. आणि तेच माझं दुखणं. आई म्हणते, या पोरीला पाणी मागा, ती आधी विहीर कोणी खोदली ते सांगते. आमचे अध्यक्ष किसनराव काका यांनी तर हात टेकले होते. नागपूरचा एक व्यापारी माझं ऐकता ऐकता उठून गेला, तेव्हापासून पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवायचं त्यांच्या मनात होतं. मला मात्र हे काम सोडायचं नव्हतं. म्हणूनच मॅडम जिल्ह्यातल्या शेतकरी कंपन्यांसमोर बोलायला येणार म्हटल्यावर त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचा हट्ट मी धरला.

डब्याचं दार उघडलं. साधी सुती साडी, कानाशी पांढरे केस, आणि नजर अशी की समोरच्याला वाटावं, आज या बाईला माझ्याशिवाय दुसरं काम नाही. त्या खाली उतरल्या मात्र, मी तिथंच, दारासमोरच, माळ घातली आणि स्वागताचं भाषण सुरू केलं. सुताचा इतिहास झाला. वर्ध्याचा झाला. तुरीवर येणार होते… तेवढ्यात मॅडमच्या मागून आवाज आला, "ओ ताई… जरा बाजूले व्हा ना…"

दारात एक उंच पोरगा उभा होता. दोन्ही हातांत बॅगा, चष्म्यावर पावसाचे थेंब. मी त्याच्याकडे नीट न बघताच तळहात दाखवला.

"एक मिनिट हं, दादा!"

वर्ध्याला गाडी थांबते ती किती! शिट्टी झाली, डबा हलला, आणि तो पोरगा बॅगांसकट नागपूरच्या दिशेनं गेला. चष्म्याआडून माझ्याकडे बघत… बघत… गेला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "स्वागत छान होतं, जागृती. तो नागसेन, माझ्यासोबत काम करतो. माझं सगळं सादरीकरण त्याच्या बॅगेत आहे."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. रिक्षात मी रडायच्या बेतात होते. मॅडमनी फक्त विचारलं, सभागृहात पंखे आवाज करतात का? करतात म्हटलं. मग ते बंद ठेवायला सांग, म्हणाल्या. एवढंच. ना चिडल्या, ना घाबरल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

आणि सभागृहात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मागे पडदा कोरा. हातात कागद नाही. भरलेल्या सभागृहाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचा माल मी का घ्यावा?" आणि गप्प झाल्या. बाहेर झड पडत होती तेवढाच आवाज. लोक चुळबुळले, खोकले, एकमेकांकडे बघू लागले. त्या तशाच उभ्या, ओठांवर हसू, जराही घाई नाही. मग मागून एक जण उठला, मग एक बाई, मग हातच हात! आपल्या तोंडात असं बळ होतं हे त्या लोकांना तरी कुठं ठाऊक होतं? माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी त्या म्हणाल्या, "मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. मग प्रश्न विचारा. मग गप्प बसा. पहिली दोन बहुतेकांना जमतात. तिसरं जमायला धीर लागतो, कारण तेव्हा समोरचा नाही म्हणू शकतो."

टाळ्या थांबत नव्हत्या, आणि त्या टाळ्यांतच तो दारातून आत आला. नखशिखांत भिजलेला, दोन्ही बॅगा छातीशी धरून. मी खांबाआड सरकले. पण तो सरळ माझ्यासमोरच येऊन थांबला.

"तुम्हीच ना त्या… एक मिनिटवाल्या?"

मी सुरुवात केली. सूतमाळ आदल्या दिवशी सेवाग्रामहून कशी आणली, भाषण कसं पाठ केलं, रात्रभर झोप कशी नव्हती…

"मॅडम काय सांगते?" त्यानं चष्मा पुसत विचारलं. "पहिल्या वाक्यात."

"चुकलं माझं."

"माफ केलं." मग जरा थांबून, इकडेतिकडे बघत, "पन ते दादा म्हटलं ना… तेवढं वापस घ्या."

माझे कान तापले. इतक्या शब्दांची मी धनीण, आणि त्या वेळी एक सापडेल तर शपथ!

तो आमच्याच भागातला निघाला, हिंगणघाटचा. पुण्यात राहूनही त्याचं 'मले-तुले' जसंच्या तसं होतं. निघताना मॅडमनीच त्याला सांगितलं, या मुलीचा सराव तू घे. मग काय, रोज संध्याकाळी वडनेरच्या बसमधून फोन. तो व्यापारी व्हायचा, मी डाळ विकायची. मी लांबण लावली की तो पलीकडून गाडीची शिट्टी वाजवून दाखवायचा. मी चिडायची, तो हसायचा. हळूहळू डाळीचं बोलणं कमी होत गेलं. तो आज काय जेवला, मॅडम आज कोणत्या साहेबाला काय बोलल्या, पुण्याच्या पावसाला आमच्या झडीची सर कशी नाही… 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

दिवाळीनंतर नागपूरचा तोच व्यापारी पुन्हा आला. मी म्हटलं, "आमची डाळ लवकर शिजते अन् तिले पॉलिश नाई. तुम्ही किती घेता?" आणि गप्प. तो डाळ तळहातावर घेऊन बसला. किसनराव काकांचा धीर सुटला, ते भाव उतरवायला तोंड उघडणार, तोच मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. शेवटी व्यापारीच बोलला, आणि सगळा माल घेऊन गेला. काका कौतुकानं बघत राहिले, पण मी तोवर फोन घेऊन अंगणात पळाले होते. आनंद आधी नागसेनला सांगायचा होता. तेव्हाच मला कळलं, पोरी, तू गेलीस कामातून.

आणि त्याच फोनवर त्यानंही त्याची बातमी सांगितली. मॅडमचं नवं ऑफिस चेन्नईला निघतंय, सांभाळायला तो जाणार. बरीच वर्षं. मी म्हटलं, अरे वा. घरी आले तर आईनं सांगितलं, रविवारी यवतमाळचे पाहुणे बघायला येणार, जांभळ्या रंगाची साडी इस्त्री करून ठेव. मी म्हटलं, बरं. दोन्हीकडे मी मुद्द्याचं काही बोललेच नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

शुक्रवारी नागसेन आणि मॅडम नागपूरचा कार्यक्रम आटपून पुण्याला परत निघाले होते. रविवारच्या पाहुण्यांचं तेवढं मी त्याला कळवलं होतं. त्याचा मेसेज आला, 'गाडी वर्ध्याले थांबते. येशीन का?'

मी गेले. थंडी पडू लागली होती, प्लॅटफॉर्मवर चहाची वाफ. येताना अख्ख्या रस्त्यानं मी भाषण रचलं होतं. भादव्यापासून सुरुवात, मग सराव, मग ती शिट्टी, मग हळूच… गाडी थांबली. तो दारात उभा, तोच चष्मा. आणि माझ्या लक्षात आलं, माझ्या भाषणाला ही गाडी पुरायची नाही.

मी रचलेलं सगळं सोडून दिलं.

"नागसेन, मले तुह्यासंग लग्न करायचं आहे. तुले करायचं का?"

आणि गप्प झाले.

बापरे, ते गप्प बसणं! मॅडम म्हणाल्या होत्या तो धीर म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. जिभेवर किती तरी वाक्यं येऊन थांबली होती. नाई म्हटलं तरी चालेल, मी गंमत केली, यवतमाळचे लोक चांगले आहेत म्हणे… मी ओठ घट्ट मिटून धरले. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते चष्म्यामुळे दिसेना. शिट्टी झाली. मग तो वळला… आणि आत गेला.

पण मी बोलले नाही. हाक मारली नाही.

तो परत दारात आला तेव्हा त्याच्या खांद्याला बॅग होती. तो खाली उतरला. त्याच्यामागं डबा हलला, आणि खिडकीत बसलेल्या मंजुषा मॅडम समोरून सरकत गेल्या. मांडीवर लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी धरलेली. या वेळी सादरीकरणाची ती बॅग त्यांनी नागसेनकडे दिली नव्हती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, एखादं काम मनासारखं झालं की हलवतात तशी. मी हात जोडले.

गाडी गेली. प्लॅटफॉर्म मोकळा झाला. तो माझ्यासमोर उभा होता.

"त्या दिवशी तू बोलत राह्यली, अन् मी नागपूरले गेलतो," तो म्हणाला. "म्हणून आज आधी उतरून घेतलं. आता सांगतो. हो."

मी अजून गप्पच होते.

"रविवारी मीच येतो तुह्या बाबाले भेटाले. चेन्नईचं दोघं मिळून ठरवू. तिथंबी डाळ खातेतच लोक." मग त्यानं वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "आता तं बोल काही."

मी तळहात दाखवला. मला खरंच एक मिनिट हवं होतं.