हिरव्या ओठांची चित्रं

दिवा जरा मोठा करा, म्हणजे सांगते. भिण्यासारखं त्यात असेल तर तुम्हाला असेल. मला त्या बाईची भीती वाटत नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते फेडायला ती कुठे सापडतेय!

रॉचेस्टरला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मिसेस थ्रूप यांचा चित्रं रंगवायचा कारखाना होता. कारखाना कसला, एका जुन्या घराचा वरचा मजला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्यांमधली चित्रं नव्याने छापून यायची, नुसती काळी-पांढरी, आणि आम्ही बायका ती हाताने रंगवायचो. लांब टेबलाशी ओळीने बसायचं, प्रत्येकीचा एकच रंग. आपला भरून झाला की कागद शेजारणीकडे सरकवायचा. बर्थाकडे तांबडा होता, म्हणजे ओठ, गाल आणि शिपायांचे कोट. माझ्याकडे हिरवा. ब्रशला टोक आणायचं तर तो ओठांत धरून चोखायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

त्या वर्षी तळघरात एक जुना डबा सापडला. राणीच्या काळातही त्या घरात मुली हेच काम करायच्या, त्यांचा उरलेला हिरवा रंग. काय रंग होता तो! कोवळ्या गवतालाही लाजवील असा. "असला हिरवा आता मिळायचा नाही," म्हणत मिसेस थ्रूप यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

मी तेव्हा पोटुशी होते. पहिलं मूल जन्माआधीच गेलेलं, त्यामुळे हे तरी हाती लागावं म्हणून जीव टांगणीला लागलेला. त्यात पोटात कळा यायला लागल्या, अन्न ठरेना. बर्थाला मात्र थट्टा सुचायची. "एनिड, मुलगाच आहे बघ. आत्तापासून लाथा घालतोय. माझा थोरला अस्साच होता, मेला अजून घालतो!"

नोव्हेंबरातल्या एका दुपारी नदीवरून धुकं चढलं. बघता बघता खिडक्या पिवळट झाल्या, समोरची घरं दिसेनाशी झाली. लांब राहणाऱ्या बायका लवकर निघाल्या. माझं घर दोन दारं सोडून, आणि नाताळाचा माल सकाळी लंडनला जायचा होता, म्हणून हिरवा संपवायला मी एकटीच थांबले. गॅसचा दिवा बारीक सूं करत होता. ओल्या कागदांचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास... कुबट, लसणासारखा. आमच्याकडे लसूण कोण खातंय?

चित्र एकच होतं, खिडकीशी उभी असलेली एक बाई. तिचा झगा मी हिरवा करायची आणि कागद मागच्या दोरीला अडकवायची. एकदा सहज मागे वळून पाहिलं. दोरीवरच्या सगळ्या बायकांचे ओठ हिरवे होते.

बर्थाने ते सकाळी तांबडे केलेले मी स्वतः पाहिले होते. थकव्याने माझाच ब्रश वाहवत गेला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. एक कागद काढून समोर घेतला, ओठ ओल्या बोळ्याने पुसले. पुन्हा बसले.

तेवढ्यात टेबलापलीकडून आवाज आला. चुक्.

ब्रश चोखल्याचा आवाज. दिवसभर कानांवर पडणारा, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पण पलीकडच्या खुर्च्या तर रिकाम्या होत्या.

"बर्था... तू परतलीस का गं?"

चुक्... पुन्हा. या वेळी शेजारच्याच खुर्चीतून. माझी पाचावर धारण बसली. आणि सवय कशी असते पाहा, भीतीनेसुद्धा माझा हात ब्रश घेऊन तोंडाकडेच चालला. तो ओठांना लागणार इतक्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. बर्फासारखी बोटं. दिसत काहीच नव्हतं.

"नको..." कानाशी कुजबूज झाली. तरुण मुलीचा आवाज, घसा सोललेला. "तोंडात नको... बाई... पोर आहे ना..."

डबा टेबलावरून सरकत गेला आणि खाली पडून फुटला. मी हिरव्या डागांचा एप्रन घालूनच जिना उतरले, धुक्यात भिंतीला धरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्या मिस्टर क्विलटरकडे गेले. त्यांनी एप्रन उजेडात नेऊन पाहिला, हुंगला.

"हे तुझ्या पोटात जातंय?"

"थोडं थोडं. टोक आणायला."

"सोमल आहे यात, पोरी! उंदरांना घालतात तो! आणखी महिनाभर चाटलं असतंस तर दोघंही गेला असतात."

मिसेस थ्रूप रडल्या, हे त्यांचं मोठेपण. तळघर रिकामं करवलं आणि त्या दिवसापासून प्रत्येकीपुढे ब्रशसाठी ओला स्पंज आला. देव तारी त्याला कोण मारी, असं आमचे पाद्रीबुवा म्हणाले. मी मान डोलावली. मनात मात्र दुसरीचेच आभार मानत होते.

वसंतात, उजाडता उजाडता मुलगी झाली. धडधाकट, गळा काढून रडणारी. मी ग्लानीतून जागी झाले तेव्हा सुईणबाई चहा ओतत होत्या.

"तुमची ती मैत्रीण गेली का हो?" त्यांनी विचारलं.

"कुठली मैत्रीण?"

"रात्रभर तुम्हाला धरून बसली होती ती. गरीब बिचारी, ओठ कसे हिरवे पडले होते तिचे! बाळाला बघून इतकी हरखली! मुका घ्यायला खाली वाकलीसुद्धा. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला आणि मागे मागे भिंतीपर्यंत सरकत गेली."