एक सँडल आत, एक बाहेर

“हा केर आहे की कला?” केळ्याचं साल दोन बोटांत धरून शेपटाने विचारलं.

समोर एक डबा होता. डब्यात गुंतलेला दोरा, फाटकी चादर आणि मोडकी छत्री.

“साल केर आहे,” लंबू म्हणाला. “डब्याचं मला विचारू नकोस.”

“मग टाकू की नको?”

“खिशात ठेव,” वकीलबाई म्हणाली. “काल तू ज्याच्यावर बसलास, ती कला निघाली होती.”

शेपटाने निमूटपणे साल खिशात कोंबलं. ताईच्या मागे मागे फिरतो म्हणून घरात त्याला शेपूट म्हणत. ताई समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसे, म्हणून ती वकीलबाई. आणि लंबू हा त्यांचा मावसभाऊ. नुसता उंचच उंच, खाल्लेलं कुठे जायचं कोण जाणे.

सुट्टी लागल्यापासून तिघं रोज मावशीबरोबर कलादालनात यायची. दालन जुनं, नावाजलेलं. एरवी तिथे सोनेरी चौकटीतली चित्रं असत आणि खोकला आला तरी दाबावा लागे. पण या सुट्टीपुरतं ते कलाकारांच्या तीन गटांना राहायला-वापरायला दिलं होतं. त्यांनी इथेच काम करायचं, इथेच जेवायचं आणि लोकांनी येऊन बघायचं. पाऊलवाले पाय रंगात बुडवून कापडावर नाचत. दोरावाले हाती लागेल ते छताला टांगत; दालनातल्या झाडून सगळ्या खुर्च्या त्यांनी पहिल्याच दिवशी टांगून टाकल्या होत्या. आणि गाठोडेवाल्यांची म्होरकी होती मावशी, म्हणजे लंबूची आई.

मावशी डोळ्यांवर पट्टी बांधून बसे. हाताला लागेल ती वस्तू नुसती चाचपून जुन्या कापडात बांधे. आत काय आहे ते कुणी विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही, हा गटाचा नियम. बांधलेलं गाठोडं दोरावाले घेऊन जात आणि वर टांगत.

“सगळे इकडे या,” मोठ्या दालनातून हाक आली.

दालनप्रमुख कोपऱ्यातल्या चौथऱ्यापाशी उभे होते. चौथऱ्याभोवतीची दोरी सुटून खाली लोळत होती. चौथरा रिकामा होता.

“दालन ज्यांनी उभारलं, त्या चित्रकारांचं स्टूल इथे होतं,” ते म्हणाले. “जन्मभर त्याच्यावर बसून चित्रं काढली त्यांनी. ते नाहीसं झालंय. संध्याकाळी त्यांच्या घरची माणसं येणार आहेत. तोवर मिळालं नाही, तर तिन्ही गटांनी आपलं सामान उचलायचं.” मग ते लंबूकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, “कळलं ना, बाई?”

“मी लंबू आहे, काका.”

“तेच ते. माझा चष्मा कालपासून कुठे गेलाय, तेही कळत नाही. या गोंधळात माणूस हरवला तरी सापडायचा नाही.”

मावशी जाऊन कापडांच्या घड्या घालायला लागली. लंबूने तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

“इथून गेलो की सगळी गाठोडी परत घरी,” तो हळूच म्हणाला. “आमच्या घरात झोपायला जागा नाही म्हणून मी टेबलाखाली झोपतो. त्याचं काही नाही. पण किती वर्षांनी आईला हातपाय पसरायला जागा मिळालीय.”

“मग स्टूल शोधू या,” वकीलबाई म्हणाली. “घड्या काय घालायच्या?”

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. तिने तो वकीलबाईच्या हातात दिला. “घे, तुझी आई.”

“खाल्लंत का? आणि तिथे शिड्या आहेत असं ऐकलं. शिडीवर चढायचं नाही. शेपटाला कात्र्यांपासून लांब ठेव. ऐकतेयस ना?”

“ऐकतेय गं आई. शब्द दिला.”

तपास सुरू झाला आणि लगेच डोक्याची मंडई झाली. चौथऱ्यापासून निळी पावलं निघाली होती. “चोर,” शेपूट कुजबुजला. तिघं वाकून वाकून पावलांमागे गेली. पावलं खांबाला वळसा घालून खिडकीपाशी गेली, तिथून भिंतीवर चढली.

“भिंतीवर कसा चालला?” लंबूने विचारलं.

“ते माझे हात आहेत, पायमोजे घातलेले,” मागून एक पाऊलवाला म्हणाला. “आवडलं का?”

मग एक फुटलेली काच सापडली; तिच्याशेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. एका कोपऱ्यात स्टुलासारखं काहीतरी चादरीखाली होतं. वकीलबाईने चादर ओढली, तर आत एक कलाकार उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “जरा झाक ना परत.”

“इथे खरा पुरावा कुठला आणि खोटा कुठला, कळणार कसं?” लंबू भिंतीला टेकून म्हणाला. “एकेकाला विचारलं. जो तो म्हणतो, मी नाही घेतलं. आणि खोटं बोलतायत असंही वाटत नाही.”

“शेपूट कुठेय?” वकीलबाईने दचकून विचारलं. कात्री हा एकच शब्द तिच्या डोक्यात आला.

शेपूट बोळात होता, एका पायावर उभा. पाऊलवाल्यांच्या कापडावर नाचायला मिळावं म्हणून त्याने मघाशी इथेच सँडल काढल्या होत्या. आता एकच उरली होती.

“ताई, माझी सँडल चोरली. एकच चोरली. एक सँडल कोण चोरतं?”

“लंगडा चोर,” लंबू म्हणाला. मग खाली बघून त्याने कपाळाला हात लावला. “अरे ठोंब्या, वर्तुळात काढलीस होय?”

जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढलेलं होतं. उरलेली सँडल त्याच्या रेघेबाहेर पडली होती.

“हे काय आहे?” वकीलबाईने विचारलं.

“तिन्ही गटांचं ठरलंय. ज्याला जे नको असेल ते वर्तुळात ठेवायचं. आत ठेवलेलं कुणीही घ्यावं, विचारायचं नाही. आईला बांधायच्या वस्तू इथूनच आणून देतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलंय.”

“सगळ्यांना? प्रमुखकाकांना पण?”

लंबू आठवायला लागला. “ते कुठे होते? ते फोनवर होते.”

वकीलबाई पळतच सुटली. शेपूट मागून लंगडी घालत निघाला.

“मावशी, काल तू काय काय बांधलंस?”

“सांगायचं नसतं, माहितेय ना तुला?” मावशी घड्यांवरून मान वर न करता म्हणाली.

“काय ते सांगू नकोस. पाय असलेलं काही होतं का, एवढंच सांग. पाय म्हणजे अख्खी वस्तू नव्हे. नियम मोडत नाही.”

मावशीला थोडं हसू आलं. “तीन पाय होते. कुंडी ठेवायची तिवई असणार. त्यावर एक डबी होती, तीही बांधली. का गं?”

“त्या स्टुलाला पाय किती होते, मावशी?”

मावशीच्या हातातलं कापड खाली पडलं.

चौघं मोठ्या दालनात धावली. वर बघितलं आणि लंबू म्हणाला, “संपलं.” खुर्च्यांच्या मधे मधे गाठोडीच गाठोडी लोंबत होती. बहुतेक सगळी एकाच मापाची, एकाच रंगाची.

“मी चढतो,” तो शिडीकडे निघाला.

“नाही. आईला शब्द दिलाय,” वकीलबाईने त्याचा सदरा धरला. “दोऱ्या आहेत त्या कशाला? एकेक खाली सोडायला सांगू.”

दोरावाल्यांनी दोऱ्या सैल केल्या. वकीलबाईने शेपटाचे डोळे रुमालाने बांधले. “मावशीसारखं हाताने बघ. उघडायचं नाही.”

शेपूट चाचपू लागला. “ही उशी. हा तवा असेल. हे गिळगिळीत... नको.” पुढच्या गाठोड्यावर त्याचे हात थांबले. “पाय. पाय. अजून एक पाय.”

“हे काय चाललंय?” प्रमुख दारातून आत आले. “सामान उचला म्हटलं, खाली पाडा नाही.”

“काका, एकच गाठोडं उघडायचंय,” वकीलबाई म्हणाली. “मावशी, चालेल ना?”

मावशीने क्षणभर डोळे मिटले. आजवर तिने एकही गाठ सोडली नव्हती. मग ती खाली बसली आणि आपल्याच हाताने गाठ सोडू लागली. कापड गळून पडलं. आत तीन पायांचं बुटकं, रंगांचे जुने डाग पडलेलं स्टूल होतं, अगदी धडधाकट. त्यावर एक काळी डबी.

शेपटाने डबी उघडली. “चष्मा आहे.”

प्रमुखांनी चष्मा घेतला, उलटसुलट केला, डोळ्यांवर चढवला. मग त्यांचे कान लाल झाले.

“काल फोन आला होता,” ते चाचरत म्हणाले. “लांबला. बसायला एक खुर्ची नाही, सगळ्या छताला. म्हणून मी एक स्टूल... कोपऱ्यातलं...”

“दोरी सोडून?” वकीलबाईने विचारलं.

“बोलण्याच्या नादात. चष्मा काढला होता ना. बोळात बसलो आणि तिथेच...”

“वर्तुळात,” लंबू म्हणाला.

“कसलं वर्तुळ?”

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर ते मावशीकडे वळले. “चूक माझी आणि सामान तुम्ही बांधत होता. मला माफ करा. सुट्टी संपेपर्यंत दालन तुमचं.” मग मुलांकडे वळून म्हणाले, “आम्ही सगळे ‘कोणी घेतलं’ तेच विचारत बसलो. कोणी ठेवलं, हे विचारायचं डोकं तुमचंच.” चष्म्यातून त्यांनी लंबूला नीट न्याहाळलं. “अरेच्चा, तू मुलगा आहेस होय?”

लंबूला राग आला नाही. त्याची आई जमिनीवर घड्या उलगडत होती. तो गुपचूप जाऊन तिला एकेक कापड देऊ लागला.

“माझी सँडल?” शेपटाने विचारलं.

“यातल्याच कुठल्यातरी गाठोड्यात आहे, बाळा,” मावशी म्हणाली. “आज एक गाठ सोडली, तेवढी पुरे.”

संध्याकाळी पाहुणे आले. स्टूल चौथऱ्यावर होतं, दोरीला दुहेरी गाठ होती. चित्रकारांच्या घरच्या वयस्कर बाई स्टुलासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर एक सँडल घालून फिरणाऱ्या मुलावर गेली. त्या त्याच्यामागे चालू लागल्या. शेपूट थांबला, त्याही थांबल्या. त्याने खिशातून केळ्याचं साल काढलं, तेही त्यांनी निरखून पाहिलं.

“फारच सुंदर,” त्या म्हणाल्या. “तू कुठल्या गटाचा, बाळ?”

शेपटाने मावशीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. वकीलबाईने उचलला.

“सगळं ठीक ना? शिडीवर नाही ना चढलात? शेपटाच्या पायात सँडल आहे ना?”

वकीलबाईने शेपटाकडे बघितलं.

“आहे, आई,” ती म्हणाली. खोटं तर ती बोलत नव्हती.