साडेतीन बोटं

हॅरोबी हॉलच्या काचघरात द्राक्षांच्या घडाला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, खुद्द बाईसाहेबांनाही नाही. पिकत आलेल्या काळ्या मण्यांवर पांढुरकी भुकटी धरते. बोट टेकलं की ती जाते आणि परत म्हणून येत नाही. मुख्य माळी ईनॉक गार्बट दाट मणी छाटून घडाची विरळणी करायचा ती उजव्या हातात कात्री आणि डाव्या हातात काडी घेऊन. अठ्ठावीस वर्षांत त्याचा एकही डागी घड वाड्यातल्या टेबलावर गेला नव्हता, आणि हे ऐकवायची संधी तो सोडत नसे.

त्या सप्टेंबरात, सोमवारी सकाळी, दाराजवळच्या घडावर बोटं उमटलेली दिसली.

"सग्डन! कुणी हात घातला?"

हाताखालचा सग्डन जागच्या जागी गारठला. "आईशप्पथ, मिस्टर गार्बट, मी नाही. किल्ली तुमच्याच खिशात असते ना?"

किल्ली खिशातच होती. मंगळवारी सहा घड डागाळले, बुधवारी आणखी पाच. काचा सगळ्या धड होत्या. आत ओल्या मातीचा नेहमीचा वास होता आणि त्यात कुणाच्या तरी स्वस्त तंबाखूचा. ईनॉक तंबाखू ओढत नसे.

शनिवारी चर्चपाशी युद्धात गेलेल्यांच्या नावांच्या दगडावरचा पडदा उघडायचा होता आणि मग वाड्यावर बिशपसाहेबांची पंगत. बाईसाहेबांनी निरोप धाडला होता: टेबलावर तीन घड हवेत, निष्कलंक; नाहीतर गार्बटनं दुसरीकडे काम बघावं. काम गेलं की बागेतलं घरही जाणार होतं. बायकोला, हेस्टरला, दम्यानं दहा पावलं चालवत नव्हतं, तिला घेऊन तो जाणार कुठे?

गुरुवारी त्यानं चष्मा लावून ठसे नीट पाहिले. तीन बोटं पूर्ण होती. करंगळी अर्धीच.

तो उलट्या बादलीवर मटकन बसला.

हाताखालच्या दुसऱ्या पोराची, विल्फ डाउसनची, करंगळी छाटणीच्या चाकूनं गेली होती. पोरगा कामाला वाघ, तोंडात कायम स्वस्त तंबाखू, पण विरळणी करताना नकळत घडावर बोटं टेकायचा. सतराच्या साली एक माणूस सैन्यभरतीतून सोडवता येणार होता. कुणाला ठेवू, असं बाईसाहेबांनी विचारलं, तेव्हा ईनॉकनं सग्डनचं नाव दिलं. कारण त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. विल्फ फ्रान्समध्ये मेला. ईनॉकला त्याची लाज वाटत होती, रोज वाटत होती, आणि बायकोलाही त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बिनडागी तीनच घड उरले. त्यानं दार आतून लावलं, टोपी काढली.

"विल्फ," तो म्हणाला. "तुझं नाव मी दिलं नाही. द्राक्षांपायी. एवढ्याशा डागांपायी रे."

वेलीचं एक पान हललं. खिडक्या बंद होत्या.

"चुकलो मी."

तंबाखूचा वास अगदी कानामागे आला. तो वळला नाही. टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मग वास गेला.

शनिवारी सकाळी तिन्ही घड जसेच्या तसे होते. त्यानं देठाला धरून ते कापले आणि स्वतः वाड्यावर नेले. बिशपसाहेबांनी दोनदा वाढून घेतले. बाईसाहेबांनी मान हलवली, घर राहिलं.

त्याआधी, दगड उघडला तेव्हा, तो मागच्या रांगेत उभा होता. विल्फचं नाव त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

चहाच्या वेळी हेस्टरनं त्याचा काळा कोट अडकवायला घेतला आणि उजेडाकडे धरला.

"अरे, सकाळीच तर ब्रश मारला होता मी. शाबासकी कुणी दिली तुला?"

"कुणी नाही. का?"

"पाठीवर बघ की. पांढरी पावडर लागलीय, बोटांची." ती वाकून निरखू लागली. "आणि ही करंगळी बघ, अर्धीच."