शॉकअप दुसऱ्या गाडीचे

चाक खड्ड्यात आदळलं, मागे बांधलेला डबा खडखडला, आणि तिने मोटरसायकल कशीबशी कडेला घेऊन टाकीवर सरळ कपाळच टेकलं.

"झोपायचं असेल तर उशी देऊ का?"

तिने मान वर केली. समोर गॅरेज होतं, आणि दारात उपड्या डब्यावर बसलेला मिस्त्री चहा पीत होता. डोळे तिच्याइतकेच दमलेले. हसला मात्र छान! तिला हसायचं त्राण नव्हतं, तरी हसू आलंच.

घरोघरी जाऊन रक्त काढायचं आणि नळ्या मागच्या डब्यातून लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. लोक तिला सुईवालीच म्हणत. गाडी वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली, आणि गाडीचं मागचं अंग पार लाकूड झालं होतं. खड्ड्यांतून नळ्या इतक्या हिंदकळत की रक्त खराब होई, आणि आधीच गळून गेलेल्या पेशंटला पुन्हा टोचावं लागे. लॅबच्या बाईंनी आता स्पष्ट सांगितलं होतं, की असंच चाललं तर फेरी दुसऱ्या कुणाला देऊ. नवी गाडी झेपणारी नव्हती, आणि ही सोडवत नव्हती.

हे सगळं तिने एका अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. त्याने ऐकून घेतलं आणि सीटवर तळहात दाबून पाहिला. सीट ढिम्म हलली नाही. या मॉडेलचे धक्के झेलणारे शॉकअप आता मिळत नाहीत, तो म्हणाला, पण एका नव्या मॉडेलचे बसवता येतील. भोकं जुळत नाहीत, मधे बुश, म्हणजे धातूचे पोकळ तुकडे, घासून घालावे लागतील.

"जमेल?"

"जमवू…"

मग ती रोज संध्याकाळी फेरी संपवून गाडी घेऊन यायची आणि जुन्या टायरवर बसून विचारायची, झालं का? कधी बुश सैल व्हायचा, कधी बोल्ट आखूड पडायचा. इतकं काही अवघड काम नव्हतं ते, पण घाई कुणाला होती? एकदा ती बसल्या बसल्या झोपली. जाग आली तेव्हा तो ग्राइंडर बंद ठेवून साध्या कानशीने बुश घासत होता. घामाघूम.

"मशीनला काय झालं?"

"लाईट गेली होती," तो म्हणाला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिने पंख्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे… घरी जाताना उगाचच गाणं गुणगुणत गेली.

गाडी तयार झाली आणि दुसऱ्याच दिवशी घात झाला. गाडी मागून उंच झाली होती, पाय जेमतेम टेकत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ती गाढवासारखी लाथ मारत होती. नेमका एका थकलेल्या आजीचा नमुना खराब झाला. बाई म्हणाल्या, आजच्या आज दुसरा आण. तोही बिघडला तर उद्यापासून येऊ नकोस.

ती तडक गॅरेजवर आली. रागावून बोलायचं ठरवलं होतं, पण आवाजच रडवेला निघाला. मिस्त्री गाडीमागे उकिडवा बसला. शॉकअपच्या खाली एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी जास्त वजन पेलते. कडीकडे पाहता पाहता त्याचे कान लाल झाले.

"चूक माझी आहे. ही… दोघांच्या वजनावर लावलीय."

"दोघं कोण? मागे तर नुसता डबा असतो."

तो पाना पुसू लागला.

"तुम्ही चालवताय आणि मी मागे बसलोय… रोज तेच डोळ्यांपुढे असायचं. हात आपोआप तसाच फिरला."

"माझं काम जायची वेळ आलीय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून सांगितलं. नाहीतर जन्मात बोललो नसतो."

ती इतकी दमली होती की धड चिडताही येईना. छातीत मात्र धडधडत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "एकटीपुरती करा," एवढंच ती म्हणाली. त्याने कडी उलटी फिरवून स्प्रिंग सैल केली. तिचे पाय नीट जमिनीला टेकले.

आजीने कुरकूर न करता पुन्हा हात पुढे केला. तेच तिला जास्त लागलं. परतीच्या वाटेवर खड्डे तेच होते, पण गाडी अलगद बसत होती, उठत होती. लॅबमध्ये बाईंनी मशीनमधून काढलेली नळी उजेडात धरली. वर स्वच्छ पिवळं पाणी, लालसर झाक नाही; रक्त बिघडलं नव्हतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या वेळेवर ये."

ती गॅरेजवर पोचली तेव्हा मिस्त्री शटर ओढत होता. तिला पाहून हात तिथेच थांबला.

"काम टिकलं," ती म्हणाली.

त्याने मोठा श्वास सोडला. ती गाडी बंद न करता तशीच बसून होती.

"ती कडी… सारखी खाली-वर केली तर खराब होते?"

"नाही. का?"

"रविवारी दोघांवर लावा," ती म्हणाली. "पण चालवणार मीच."