उंबऱ्यावरचे बूट

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय. गेल्या नोव्हेंबरात, मंगळवारी दुपारी चार वाजता, जर्मनीतल्या आखन शहरापासून बसने चाळीस मिनिटांवर.

तिथे शेतांच्या मधोमध एका रोमन हवेलीचे अवशेष आहेत. संरक्षित जागा. वर शेड, भोवती कुंपण, देखरेखीला फ्राऊ लेन्झेन, म्हणजे लेन्झेनबाई. नागपूरहून आखनला शिकायला आलेली धम्मदीपा संशोधनासाठी तिथल्या फरशीची ओल मोजायला जायची.

जुलैत नागपूरला तिचे बाबा वारले. तिच्या व्हिसाचे कागद अडकलेले. अंत्यसंस्कार तिने मोबाइलवर पाहिले, तेही मधेच नेटवर्क गेलं. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस नाही. एकदा पोटभर रडता आलं असतं तर सुटली असती बिचारी.

त्या दिवशी तिने उंबऱ्याच्या दगडापाशी बूट काढले. खरं तर तिथे बुटांवरून चढवायचे कापडी मोजे ठेवलेले असतात. पण घरात बुटांसकट शिरायचं? बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं! पडकं असलं तरी घर ते घर.

बाहेर धुकं. कावळेसुद्धा गप्प.

ती आत गेली आणि...

तळपाय गरम झाले.

यंत्रावर फरशीचं तापमान सहा अंश. तिने आकडा नीट लिहून घेतला. घाबरायला हवं, एवढं तिला कळत होतं. भीती काही आली नाही.

मग मागे, उंबऱ्यापाशी... काहीतरी घासलं.

ती वळली. कुणीच नव्हतं.

पण बूट फिरले होते. टोकं बाहेरच्या बाजूला, दोन्ही जोडीने, नाड्या आत खोचलेल्या.

शाळेची बस चुकू नये म्हणून बाबा रोज सकाळी तिचे बूट अगदी असेच लावून ठेवायचे.

तिने फोन लावला. "फ्राऊ लेन्झेन, तुम्ही आत आला होतात?"

"मी? मी तर घरी आहे. फाटक तू आतून लावलंस ना?"

"हो. कुलूप घातलंय."

"गेनाऊ, तेच तर. मग कोण येणार?"

बाबा आले होते? की त्या घरानेच तिला निघ म्हणून सांगितलं? कोण जाणे.

रात्री फोनवर सगळं ऐकून आईने एवढंच विचारलं, "मग रडलीस का गं?"

"नाही, आई."

आता आखनच्या खोलीत ती रोज रात्री बूट मुद्दाम आत तोंड करून ठेवते, कुणी फिरवतं का ते पाहायला.

सकाळी ते तसेच असतात.

आणि भीती वाटते ती तेव्हा.