तारेवरचे ठोके

समुद्राचं पाणी तपासणं हे माझं काम. आकड्यांवर माझा विश्वास होता, आजही आहे. म्हणून घडलं तेवढंच सांगते, तिखटमीठ न लावता.

तेलाचं जहाज बुडून सोळा दिवस झाले होते. आमच्या संशोधन जहाजावरून मी ठरलेल्या जागी तारेला बांधलेली बाटली खोल सोडायचे, पाणी वर आणायचे, त्यात तेल किती ते मोजायचे. तार सांभाळायला मामा. सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ त्या बुडालेल्या जहाजावर स्वयंपाकी होता. त्याचा पत्ता नव्हता. तरी मामांनी एक दिवस रजा घेतली नाही.

त्या दुपारी धुकं इतकं उतरलं की हाताशी असलेला कठडा दिसेना. लाटांचा आवाज नाही. नाकात फक्त तेलाचा उग्र दर्प. बुडालेलं जहाज तिथून चार किलोमीटरवर. आमच्या खाली नुसती वाळू. चाळीस मीटरवर मामांनी तार थांबवली आणि तिच्यावर तळहात ठेवून तसेच उभे राहिले.

“ताई… कोणीतरी ठोकतंय.”

“प्रवाह असेल, मामा.”

“हात लावून बघा.”

लावला. तीन ठोके. जरा थांबून पुन्हा तीन. मामांनी पाना उचलून तारेवर दोनदा वाजवला. खालून लगेच दोन आले…

“लहानपणी आम्ही दोघं भाऊ मधल्या भिंतीवर असंच…” त्यांनी तळहात पुन्हा तारेवर टेकवला. “थोडा वेळ राहू द्या तार. पाया पडतो.”

अंगावर काटा आला, पण माझं डोकं ताळ्यावर होतं. आमचं जहाज वाहत चाललं होतं. तार जहाजाच्या पंख्यात गुरफटली असती तर सगळेच गोत्यात आलो असतो.

“वर घ्या,” मी ठामपणे म्हटलं.

तार वर येऊ लागली तसे ठोके भराभर पडू लागले. मग एक जोराचा हिसका… आणि सगळं शांत.

बाटलीतल्या पाण्यात तेलाचा थेंबही नव्हता. पाणी कोमट होतं. सदतीस अंश. आसपासचा समुद्र बारावर.

मी कप्तानाला सगळं सांगितलं, हट्टाने पाणबुडे मागवले. दुसऱ्या सकाळी त्यांनी नेमक्या त्याच जागेवरून मामांच्या भावाला वर आणलं. मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

जहाजावरच्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

“ते जहाज बुडून किती दिवस झाले म्हणालात?”

“आज सतरावा.”

त्यांनी वळून मामांच्या मांडीवरच्या डोक्याकडे पाहिलं.

“याला जाऊन अजून एक दिवसही झालेला नाही…”